कलेजीतला लाल उजेड

तीर्थरूप मायला मंजुषाचा सिल्वासाहून नमस्कार.

मी बरी आहे. इथून जवळच्या अथाल गावातली माझी खोली कोरडी आहे, डबाही चांगला मिळतो. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, म्हणून लिहून गोकुळदादाच्या हाती देते. त्याला तोंडावर सांगवलं नाही.

शेळी म्हातारपणाने मेली म्हणतेस. दादाने बर्फात आणलेली तिची कलेजी मी आमच्या लॅबमधल्या टीबी तपासायच्या निळ्या उजेडाच्या मायक्रोस्कोपखाली, रंग न लावताच पाहिली. पिवळे ठिपके चमकले, ते वयाचे. ते उजेडात तसेच राहतात. पण बाकी सगळी कलेजी लाल पेटली आणि बघता बघता मिनिटभरात विझली. असा विझणारा लाल रंग विषाने साठतो, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

पेरून उरलेलं औषध लावलेलं बियाणं तू धुऊन तिला घातलंस ना? त्याच्या भाकरी तर केल्या नाहीस? घाबरू नको. पीठ उरलं असेल तर बांधून ठेव, कुणाला देऊ नको.

दादाच्या गुड्डीची लघवी बिटासारखी लाल होते, असं तू हसत सांगितलं होतंस. आपल्या घरात बीट कोण आणतं, माय?

पत्राचं उत्तर पाठवू नको, गुड्डीला पाठव.

तुझी मंजुषा