लिंबावरचा रातवा

ती. सौ. ताईस,

तुझ्या धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा आता बरा असेल, अशी आशा. इकडे बाबा मजेत आहेत आणि त्यांची मजा सांभाळता सांभाळता आम्ही दोघं मेटाकुटीला आलो आहोत.

बाबांचा मोतीबिंदू पिकलाय, हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणतात, आता उशीर नको. बाबा म्हणतात, जन्मभर सुईत दोरा ओवलेल्या शिंप्याचे डोळे आहेत हे, त्यांना हात लावायचं काम नाही. तोवर त्यांचा वेळ जावा म्हणून मी पक्ष्यांच्या मोठ्या चित्रांचं पुस्तक आणलं आणि मागच्या दारी खुर्ची टाकून दिली. (कल्पना माझी. हिने तेव्हाच कपाळाला हात लावला होता.) चिमण्या, साळुंक्या, बुलबुल असं सगळं आवाजावरून ओळखून झालं. मग एके सकाळी बाबांनी मला हळूच हाक मारली आणि लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलं. फांदीवर माझा तपकिरी मोजा होता, दोरीवरून वाऱ्याने उडून अडकलेला. पण बाबांचा चेहरा असा काही खुलला होता (आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता) की माझ्या तोंडून "हो की!" निघून गेलं. तिथेच मी फसलो. पुस्तक उघडलं. तपकिरी, मान आखूड, दिवसभर न हलता एका जागी बसून राहणारा: रातवा! वर्णन इतकं तंतोतंत जुळलं की क्षणभर मलाच मोज्याबद्दल शंका आली.

तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा लिंबाकडे बोट दाखवतात. पानांआडचा रातवा ज्याला दिसतो त्याचे डोळे कापायला निघालात, असं म्हणतात. शेजारच्या मास्तरांना मध्यस्थीला बोलावलं, तर त्यांनी भिडेखातर पक्षी पाहिला, वर त्याचा आवाजही ऐकला. (मोज्याचा!) वाऱ्याने मोजा खाली पडला की ऐन ऑफिसच्या घाईत मी शिडी लावून तो परत बसवतो. मागच्या आठवड्यात हिने तो धुवायला टाकला, तर बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. शेवटी मी तो ओलाच नेऊन टांगला. बाहेर कडकडीत ऊन, आणि खालच्या पत्र्यावर टपटप पाणी. हे काय, म्हणून बाबांनी विचारलं. मी म्हटलं, आंघोळ करून आला असेल. ताई, दिवसभर मी लोकांच्या हिशेबातल्या थापा पकडतो आणि घरी येऊन हे करतो. खरंच थकलो गं. आणि थकव्यापेक्षा धास्ती जास्त आहे. माझ्या एका "हो की"पायी बाबांची नजर गेली तर?

म्हणून तू ये आणि त्यांना सांग, की झाडावर काहीही नाही. तुझं ते ऐकतात. मला ते या जन्मी जमणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : थांब, काही सांगू नकोस. आजच बाबांनी जाहीर केलं की पक्षी बिचारा एकटा आहे, त्याला जोडीदार मिळाला की ऑपरेशन करून घेईन, जोडी नीट बघायची आहे. तेव्हा येताना दाजींचा एक तपकिरी मोजा आण. आणि ऑपरेशननंतर बाबांना महिनाभर तुझ्याकडे ने. तेवढ्यात आमचे पक्षी स्थलांतर करतील.

आणखी एक ता. क. : कोणाला लिहितोयस, म्हणून बाबांनी आत्ता विचारलं. तुझं नाव सांगितलं. म्हणाले, "तिला म्हणावं, मोजा धड असलेला आण. ह्याची टाच फाटलीय. खाली पडला होता तेव्हा हातात घेतला होता मी. शिंप्याला मोजा कळत नाही होय रे? पण तू शिड्या चढत होतास, तुझं मन मोडवेना." मग म्हणाले, "ती जवळ बसणार असेल तर करतो ऑपरेशन. भीती वाटते रे मला."

मोजा राहिला तरी चालेल, ताई. तू ये.