टाकी सुरक्षित आहे

९ एप्रिल २०२४, सकाळी
पाडवा. नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही.
गुढी उभारायला गच्चीवर गेलो, तर पाण्याच्या टाकीशेजारी विटेचं अर्धुक पडलेलं. शेजारच्या बिल्डरच्या दहाव्या मजल्यावरून आलेलं. संकल्प संपला.

त्याच दिवशी, दुपारी
आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. ही प्लॅस्टिकची टाकी फुटली तर मधले दिवस काय करायचं? बिल्डरचा मुकादम कृष्णा याला शांतपणे विचारलं. बायकोच्या, शैलाच्या मते अर्ध्या उस्मानपुऱ्याला ऐकू गेलं. तो म्हणे, जाळी सांगितली साहेब, येईल तवा येईल, तवर टाकीवर कायतरी टाका की. मला शिकवतो. पोलादी पत्र्यात गोळी किती घुसते यावर मी सहा वर्षं पीएचडी करतोय.

१० एप्रिल
शैलानं टाकीवर जुनी कापसाची गादी बांधली. प्राध्यापकाच्या टाकीला गादी. लोक काय म्हणतील? संताप.

१४ एप्रिल
ठरलं. कॉम्प्युटरवरच वीट पाडायची. फायनाइट एलिमेंट म्हणजे टाकीचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर किती ताण येतो ते बघायचं. शैलाला समजावलं. ती म्हणाली, ते ठीक, पण जाळी कोण लावणार? विषयाला सोडून बोलते.

१७ एप्रिल
नवी फाईल करत बसायला मी रिकामा नाही. थिसिसचीच घेतली. गोळीच्या जागी वीट, पत्र्याच्या जागी टाकी. आकार तेवढे बदलले, बाकी सगळं तयारच होतं.
गाईड नीरजा मॅडमचा मेसेज: रन करण्याआधी मटेरियल तपासा, तिसऱ्यांदा सांगतेय. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे ही बाई. उत्तर दिलं नाही.

१९ एप्रिल
रन अर्ध्यात असताना लाईट गेली. इन्व्हर्टरनं मान टाकली. या शहरात इमारती वाढतात, बाकी काही वाढत नाही. कृष्णाच्या साईटवर मात्र टँकर रोज.

२२ एप्रिल
रिझल्ट आला. विटेचा भुगा. टाकीला ओरखडा नाही.
विसाव्या मजल्यावरून टाकली. तेच. मग डोकं फिरलं आणि गोळीच्या वेगानं मारली. साधा पोचा नाही. प्लॅस्टिकबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. यावर पेपर लिहायचा. मॅडमचं नाव शेवटी.

२३ एप्रिल
गादी सोडून खाली आणली. शैला एवढंच म्हणाली, काही झालं तर पाणी तुम्ही आणायचं. हसत कबूल केलं. स्क्रीनवर पुरावा असताना मी कशाला घाबरू?

१ मे
सकाळी नळ आला. टाकी काठोकाठ. जेवून त्याच गादीवर आडवा झालो. तीनच्या सुमारास वर धप्पकन आवाज, मग जिन्यातून पाणी.
वीट आरपार. झाकणातून आत, बुडातून बाहेर. कृष्णावर ओरडलो, बिल्डरवर ओरडलो, शैलावर ओरडणार होतो. तिनं दोन बादल्या पुढे ठेवल्या.

२ मे, सकाळी
फाईल उघडली. टाकीचं मटेरियल: चिलखती पोलाद. थिसिसमधलं तसंच राहिलं होतं.
म्हणजे सिम्युलेशन बरोबर होतं. टाकी चुकीची होती.

२ मे, दुपारी
बादल्या घेऊन कृष्णाच्या टँकरपाशी गेलो. वाटलं, कालच्या शिव्यांचा वचपा काढेल. तो म्हणाला, पाणी पाहिजे तेवढं न्या साहेब, पण आधी हे डोक्यावर घाला, वरून विटा पडतात. आणि पिवळं हेल्मेट पुढे केलं.
प्लॅस्टिकचं होतं. घातलं आणि पट्टा आवळला.