गेटवरचं अर्धं वाक्य

सोमवार, संध्याकाळ

आज गेटवर युनिफॉर्म तपासायची ड्युटी माझी होती. नववीतला ओंकार दोन आठवड्यांनी आला. डोक्यावर नुसते खुंट. शाळेत झिरो कट चालत नाही, म्हणून अडवलं. "काय रे, ही कसली स्टाइल?"

"मिस, माझे बाबा…"

"इंग्लिश, प्लीज."

तोही नियमच. गेटच्या आत दुसरी भाषा नाही. मागे प्रिन्सिपल सिस्टर उभ्या होत्या म्हणून म्हणाले का मी? छे. सवयीनेच म्हणाले.

तो जरा वेळ शब्द शोधत राहिला. मग "सॉरी, मिस" म्हणाला आणि डायरी पुढे केली. मी लाल पेनाने शेरा मारला: उद्या वडिलांची सही हवी.

दुपारी स्टाफरूममध्ये त्याच्या क्लास टीचरने सांगितलं. वडील गेले त्याचे.

ते खुंट मला ओळखू येऊ नयेत? इतके दिवस कुठे होतास, एवढंही विचारलं नाही मी.

शांती नगरला घरी आल्यापासून त्याचं ते अर्धं वाक्य इंग्रजीत पुरं करून बघतेय. तोंडातून निघत नाही.

आणि त्या शाळेत मी मराठी शिकवते.