मिस्टरांसाठी विचारलेला पत्ता

मंगळवार, संध्याकाळ

आज गेले एकदाची. दारू सोडणाऱ्यांची सभा पंचवटीतल्या एका शाळेत भरते, एवढंच फोनवर कळलं होतं. गल्लीत दोनदा फिरले, शाळा सापडेना. शेवटी ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंना विचारलं आणि उगाच खोटं बोलले, "मिस्टरांसाठी हवाय पत्ता." का बोलले असं? मी पिते हे सांगायची लाज, दुसरं काय!

बाईंनी मशीन थांबवलं. "मीपण पहिल्यांदा मिस्टरांसाठीच विचारलं होतं. चला, मी तिकडेच निघालेय." शटर ओढून माझा हात धरूनच चालू लागल्या.

वर्गात दहा-बारा माणसं, बायका आम्ही दोघीच. मिस्टरांसाठी म्हणे! बोलायची वेळ आली तेव्हा उभी राहिले आणि म्हटलं, "मी सुनंदा. मी रोज पिते. घरी माहीत नाही." कुणीच दचकलं नाही. बाईंनी फक्त चहाचा कप पुढे केला.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माहीत होतं गं. विचारायची हिंमत होत नव्हती."

कपाटामागची बाटली मी मोरीत ओतली. ह्यांनी नळ सोडला.