बाळासोंच्या टाकीतली जोडी

ती. सौ. अक्कास, अमऱ्याचा वाकून नमस्कार.

हे पत्र मी गणपतीपासून टाळतोय, हे आधीच कबूल करतो. पहिल्यांदा पेन सापडेना. सापडलं तर खाली कुणीतरी नवी बुलेट घेऊन आला, ती बघायला उतरलो तो थेट पन्हाळ्यालाच गेलो. (गाडी चांगली आहे, पण ते असू दे.) दाजींचा गुडघा कसा आहे? तेल चोळतात का नुसतं शेल्फावर ठेवून बघतात? फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आबा राधानगरीहून जयसिंगपूरला आले की तुझ्याच सोप्यात बसलेले. ही गोष्ट त्यांच्या कानावर जायची नाही.

गोष्ट अशी, की मी कागलच्या एमआयडीसीत नाही. गेलो होतो, नाही असं नाही, पण दिवसभर एकाच मशीनचं तोंड बघत उभं राहणं आपल्याला जमेना. आता राजारामपुरीत बाळासो मालकांच्या वधू-वर सूचक केंद्रात आहे. आबांनी दम दिलाय तो तुला ठाऊकच आहे, आता नोकरी सुटली की गोठ्यात यायचं आणि जन्मभर म्हशींच्या धारा काढायच्या. म्हणजे इथं टिकायलाच पाहिजे. आणि अक्के, माझं टिकणं अवलंबून होतं दोन माशांवर.

झालं काय, मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटतात त्या हॉलमध्ये मालकांनी भली मोठी काचेची टाकी बसवली. पाहुणे बुजतात, माशांकडं बघत बघत बोलायला लागतील, ही मालकीणबाईंची, म्हणजे संयोगिता वहिनींची कल्पना. मासे समुद्रातले, म्हणून पाणी खारं. (त्याचं मीठ वेगळं येतं. लोणच्याचं चालेल का, असं विचारणारा मीच.) जोडी आणायला मला पाठवलं. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, नटून बोहल्यावर निघाल्यासारखे मासे. दुकानदार एक मोठा आणि एक बारका काढत होता. मी म्हटलं, बारका कशाला? आमच्यात म्हैससुद्धा थोराड बघून घेतात. दोन वेगवेगळ्या टाक्यांतले दोन दांडगे निवडून आणले.

पहिल्या दिवसापासून जुंपली. एकानं दुसऱ्याची शेपटी कुरतडायची, दुसऱ्यानं पहिल्याला कोपऱ्यात दाबायचं. आणि मालक प्रत्येक पाहुण्याला कौतुकानं दाखवणार, हा नवरा आणि ही बायको! एका स्थळाबरोबर मुलाची आई आलेली, झुंबरबाई. त्यांनी चहा खाली ठेवला, टाकीकडं एकटक बघितलं आणि म्हणाल्या, “पावणं, तुमचं मासंच नांदंनात, आमची सून काय नांदणार?” आणि उठल्या की! मालकांनी कसंबसं येत्या रविवारी परत यायला कबूल करून घेतलं, आणि मग माझ्याकडं वळले. “रविवारपतोर ही भांडणं मिटली न्हाईत, तर मासं बी जात्यात आन् तू बी.”

मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. (मधे एक उंट रस्ता अडवून बसलेला व्हिडिओ लागला. बघ कधीतरी.) त्यात कळलं, आतल्या दगडांची जागा बदलायची, म्हणजे हा कोपरा माझा आणि तो तुझा हे मासे विसरतात. खांद्यापर्यंत हात घालून सगळे दगड फिरवले. अर्धा दिवस शांतता. दोघं आपापलं घर शोधत फिरत होते, आणि शेवटी दोघांनी एकच कपार पसंत केली. मग दुसरा उपाय, काचेला बाहेरून आरसा लावायचा. वहिनींचा लावला. दोन्ही मासे एक होऊन आरशातल्यांवर तुटून पडले. असली एकी मी आपल्या भावकीतसुद्धा बघितली नाही. पण वहिनींना हळदीकुंकवाला जायचं होतं. आरसा गेला आणि एकीही गेली.

शेवटी दुकानदाराकडं गेलो, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, “आरं, दोन्ही बायकाच हायत!” या जातीत सगळे जन्मतात नर, त्यातला जो वरचढ होतो त्याची मादी होते आणि टाकीवर तिचंच राज्य चालतं. एका टाकीत दोन राण्या मावत नाहीत. हे ऐकून वहिनी इतक्या हसल्या, की मुलाकडच्यांच्या सोफ्यावरच बसल्या. (त्यावर आमच्यापैकी कुणी बसायचं नाही, असा नियम आहे.) मालक मात्र हसले नाहीत.

मग एक दांडगी काढली आणि तो बारका आणला. त्याला एकदम सोडायचं नाही म्हणून भाजी धुवायच्या भोकांच्या टोपलीत घालून टाकीतच टांगला. बाई बाहेरून धडका देतेय, हा आतून बघतोय. येणारा-जाणारा विचारी, ह्यानं काय गुन्हा केला? चार दिवसांत बाई दमली, तेव्हा सोडला. ती धावून आली आणि मी डोळे मिटले. उघडून बघतो तर बारका तिच्यासमोर आडवा होऊन सगळं अंग थरथरवतोय. म्हणजे तुम्हीच मालकीणबाई, असं सांगतोय. तिनं एक चिमटा काढला आणि त्याला कपारीत घेऊन गेली.

रविवारी झुंबरबाई आल्या, बघितलं आणि विचारलं, “ह्यो नवरा थरथरतोय का?” मालक गडबडले आणि म्हणाले, “थंडी वाजतीया त्याला.” मुलगी, अनुजा तिचं नाव, तोंडाला पदर लावून हसायला लागली. तर तो मुलगा, इतका वेळ खाली मान घालून बसलेला, म्हणाला, “आई, आपल्या घरात पप्पा तरी दुसरं काय करत्यात?” मग झुंबरबाईच आधी हसल्या. पसंती झाली, पेढे वाटले, आणि मालक म्हणाले, राहा बाबा तू.

दाजींना नमस्कार, पोरांना पापा.
तुझा भाऊ,
अमरसिंह

ता.क. काढलेली दांडगी दुकानदार परत घेईना. ती माझ्या खोलीत टबात आहे. एकटी असली की फार गुणाची. दाजींची माळ्यावरची काचेची पेटी पाठवून दे.

ता.क. २ : खरं काम हे, की आबांना तूच सांग. जेवण झाल्यावर, मटण असेल त्या दिवशी. पोरगं एका जागी टिकलंय, एवढंच सांग, जागा कुठली ते हळूहळू.

ता.क. ३ : अक्के, राहू दे. आबा स्वतःच इथं केंद्रात आलेत! मी टाकीमागं बसून लिहितोय, अजून त्यांनी मला बघितलं नाही. मुलगी बघा म्हणून माझाच फोटो मालकांपुढं ठेवून सांगतायत, “पोरगं कागलला पर्मनंट हाय, एका जागी टिकतंय.” मालक फोटोकडं बघतायत. आता टाकीकडं बघतायत. आता म्हणतायत, “अमरसिंह, पावण्यांना पाणी आण.”