हळदीचं बोट

प्रिय कमल,

काल तालमीत माझी फजिती झाली, म्हणून हे पत्र. तू असतीस तर घरी येऊन तुलाच सांगितलं असतं. आता कोणाला सांगू?

नव्या नाटकात शेवटी बायको मरते. तिला मी चांगलं दीड पान बोलायला लावलंय. मी सुखी होते, तुमच्याविषयी माझी काही तक्रार नाही, असं ती नवऱ्याला सांगते. वाचताना माझेच डोळे भरून येतात! पण काल ते काम करणारी पोरगी मध्येच थांबली. "सर, मरतानी एवढं बोलते का कोणी?"

अगदी तुझंच वाक्य! मला पुढे तालीम घेता येईना.

आठवतं? माझं प्रत्येक नाटक आधी तू स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायचीस. एका हातात वही, दुसऱ्या हातात पळी. जे वाक्य म्हणताना दम लागेल किंवा हसू येईल, त्यावर तुझं हळदीचं बोट उमटायचं, की ते वाक्य गेलं. "हे बाई मरून राहिली का भाषण देऊन राहिली?" मी किती चिडायचो! प्रसंग मला रचता येतात, पण माझी माणसं मनातलं सगळं धडाधड सांगून टाकतात, हे तुला पहिल्याच नाटकात कळलं होतं. "दुखते तिथलं कोणी बोलत नाही जी, भलतंच बोलते," असं तू म्हणायचीस.

नाट्यस्पर्धेत संवादांचं बक्षीस मात्र मला मिळालं. स्टेजवर मी तुझं नावही घेतलं नाही. तू खाली बसून टाळ्या वाजवत होतीस.

मग मागच्या उन्हाळ्यात, पोळ्या लाटता लाटता तू विचारलंस, "चार दिवस उमरेडले आईकडे जाऊन येऊ का जी?" मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "स्पर्धा होऊ दे." तू "बरं" म्हणालीस. पोटातलं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. संवादांचं बक्षीस घेतलेला माणूस मी, आणि घरातलं एक वाक्य मला ऐकू आलं नाही! पण तू तरी सरळ का नाही सांगितलंस? एकदा तरी माझ्या पात्रांसारखं बोलायचं होतंस.

शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी तुझ्या तोंडाजवळ कान नेला. तू म्हणालीस, "कूलरात पाणी टाकत जा जी, उन्हानं डोकं दुखते तुमचं." बस, एवढंच. मला ते फार थोडं वाटलं, कमल. तू मला माफ केलंस हे ऐकायचं होतं, म्हणून ते मीच लिहिलं आणि त्या बाईच्या तोंडी घातलं.

आज सकाळी हळदीच्या डब्यात बोट बुडवून ते दीड पान पिवळं केलं. शब्द देतो, ती बाई फक्त कूलरचं बोलेल. आणि जाहिरातीत संवादांपुढे तुझं नाव असेल.

तू गेल्यापासून कूलर कोरडाच आहे. आज पाणी टाकतो.

तुझा,
दिनकर