उंबऱ्याच्या आत मराठी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. पुणे
तिकिटं काढली. जानेवारीत भोपाळ, चार दिवस. काढून झाल्यावर चहा सांडला.
संध्याकाळी मंदारला फोनवर सांगितलं. लेक लगेच सुरू. "आई, डॉक्टर काय म्हणाले? बाबांची जागा बदलू नका म्हणाले ना?" म्हटलं, डॉक्टर असंही म्हणाले की पुढच्या वर्षी त्यांना काय आठवेल सांगता येत नाही. मग मी कुठल्या वर्षी नेऊ?
दसऱ्यापासून ह्यांचं एकच. स्वतःच्या घरात सोफ्यावर बसून विचारतात, "घरी कधी निघायचं?" घरी म्हणजे भोपाळचं, पिपलानीतलं क्वार्टर. कारखान्यातली सगळी नोकरी तिथे, मंदार तिथलाच. रिटायर होऊन इथे आलो तरी माझं मनही तिथेच, खोटं कशाला बोलू. थंडीतलं ते व्हरांड्यातलं ऊन, हिरवे चणे सोलत बसणं.
एकदा जाऊन यायचं. ह्यांना भोपाळ कळतंय तोवर. मी कोण हे कळतंय तोवर.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी चहा दिला तर म्हणाले, "शक्कर ज़रा कम रखा कीजिए." मला वाटलं थट्टा. मी हसले. हे हसले नाहीत.
आमच्या घरचा कायदा ह्यांनीच केलेला. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. मंदार शाळेतून येऊन "मम्मी, पानी दो" म्हणाला की पाणी मिळायचं नाही, "आई, पाणी दे" म्हणेपर्यंत. दूधवाला, शेजारी, साहेब, सगळ्यांशी फर्डी हिंदी. माझ्याशी अख्ख्या संसारात एक शब्द नाही. भांडतानासुद्धा नाही.
मग आज सकाळी मी कोण होते?
दुपारी परत मराठी. "सुलू, चष्मा कुठाय गं माझा?" डोक्यावरच होता. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडून घेतलं.

११ डिसेंबर, गुरुवार
दुबे भाभींचा फोन. क्वार्टरमधल्या शेजारीण, आता बाग सेवनियात घर बांधलंय. त्यांच्याकडेच उतरायचं. "होटल का नाम लिया तो देखना!" ह्यांच्यासाठी मेथीचे पराठे, गाजराचा हलवा, सगळा बेत आत्तापासून तयार.
मग तब्येतीचं विचारलं. मी म्हटलं, "बस, थोड़ा भूलने लगे हैं."
थोडा! जीभ कशी रेटली माझी. हे माझ्याशी हिंदीत बोलले, त्याचं काही सांगितलं नाही. तिकडे गेलो की सगळ्यांना दिसेल, याची भीती वाटते. चार लोकांना दिसलं की मग ते खरंच झालं.

२ जानेवारी, शुक्रवार
मंदारला रजा नाही. "कॅन्सल कर आई, मी उन्हाळ्यात नेतो." म्हटलं, उन्हाळ्यात भोपाळला कोण जातं, वेडा आहेस का? फोन ठेवला आणि वाटलं, करावं कॅन्सल. ह्यांनी तिथून उठायलाच नकार दिला तर? क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिले तर? मी एकटी, गुडघे हे असे.
स्वेटर, मफलर, गोळ्या. दोन बॅगा. ह्यांची मी भरली, ह्यांनी उपसली. परत भरली.

९ जानेवारी, शुक्रवार. भोपाळ
पोचलो. इटारसीला मात्र जीव गेला होता. माझा जरा डोळा लागला आणि उघडून बघते तर हे जागेवर नाहीत. दाराशी धावले. हे प्लॅटफॉर्मवर निवांत, एका हातात स्वतःचा चहा, दुसऱ्यात माझा. "अगं सुलू, तू झोपली होतीस." गाडी हलली तसे टुणकन चढले. सगळ्या डब्यादेखत ओरडले ह्यांना. मग तो चहा प्यायले. नुसता पाक.

१० जानेवारी, शनिवार
हा माणूसच वेगळा! काल हबीबगंज स्टेशनला उतरल्यापासून (नवं नाव माझ्या तोंडी बसत नाही) रिक्षावाल्याला वळणं हेच सांगत होते. दुबेजींना मिठी. करोंदच्या मंडीतून दोघं स्कूटरवर गव्हाचं पोतं आणायचे आणि एकदा ते चौकात फुटलं, ती गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. कुठे अडखळले नाहीत.
दुपारी मोठ्या तलावावर. वारा बोचरा. "सुलू, कान झाक." दिवसभर मराठी. डॉक्टर गाढव आहेत असं वाटायला लागलंय. असं वाटतंय याचीच जास्त भीती वाटते.

११ जानेवारी, रविवार
लिहवत नाही. तरी लिहिते.
क्वार्टरवर गेलो. आता तिथे नागपूरचा एक तरुण इंजिनिअर राहतो. तो घरी नव्हता, बायकोने दार उघडलं. दुबेजींनी तिला आधी सांगून ठेवलं होतं. "या ना काका, आत या. काकू, या."
हे आत गेले. चपला त्याच कोपऱ्यात काढल्या. आणि तिला म्हणाले, "किती वेळ लावलास दार उघडायला! चहा टाक, पाहुण्या आल्यात." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "बैठिए न, बहनजी. ये मेरी मिसेस."
आतून मराठी आली, म्हणजे ती बायको. मी बाहेर उभी, म्हणजे बाहेरची.
पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "अहो, मी सुलू" अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं आणि ह्यांनी मानलं नाही तर? घाबरले. मी म्हणाले, "जी, शुक्रिया." पोरगी शहाणी, एक शब्द न विचारता चहा केला. माझ्या स्वयंपाकघरात. मी पाहुणीसारखी बसून प्यायले.
निघायची वेळ झाली, हे उठेनात. ज्याला घाबरत होते तेच. मग आठवलं. बाईमाणूस घरी आलं की हे तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला जायचेच, कितीही थंडी असो. म्हटलं, "भाईसाब, अँधेरा हो रहा है, ज़रा स्टॉप तक छोड़ देंगे?" लगेच चपला घातल्या. दारातून तिला म्हणाले, "आलोच गं."
बस कुठली, रिक्षा केली. घरापर्यंत सोडतो म्हणून हेही बसले. वाटेत विचारलं, "आपके मिस्टर क्या करते हैं?"
"कारख़ाने में थे."
"अच्छा! हम भी."

१३ जानेवारी, मंगळवार
दुपारची गाडी. काल दिवसभर हिंदीच. भाभींना सगळं सांगून टाकलं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "हिंदी में ही बोलिए भाभी, पर ले जाइए." मंदार पुण्याला स्टेशनवर येतोय. त्याला अजून काही कळवलेलं नाही.
आत्ता हे बाहेर उन्हात बसलेत, मफलर गुंडाळून. दुबेजींना सांगतायत ते इथवर ऐकू येतंय. "बहनजी को गाड़ी में बिठाकर आता हूँ, फिर बैठते हैं."
म्हणजे स्टेशनपर्यंत येतील, खात्रीने येतील. डब्यातही चढतील, माझं सामान नीट लावून देतील. आणि मग उतरायला निघतील.
तेव्हा काय करू? गाडी सुटेपर्यंत बोलत ठेवू? दारात आडवी उभी राहू? मराठीत हाक मारून बघू? मारली आणि वळलेच नाहीत तर...
रिक्षा आली. माझी बॅग ह्यांनी स्वतः उचलून फाटकाशी नेली. ह्यांची अजून आत, पलंगाखाली आहे.